झाडाचं की जमिनीचं

पाच महिन्यांत मी हिब्रूतून भांडायला लागले होते. भाषा आली की नाही, हे बघायची माझी कसोटी तीच. बसवाल्याशी भांडून सुटे परत घेता आले की भाषा आली. त्या मापानं कतुरामावशीला काहीच येत नव्हतं, आणि येण्याची आशाही नव्हती, कारण ती मराठीतूनसुद्धा कधी कुणाशी भांडली नव्हती.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा गेला आणि पुढची तेहतीस वर्षं तिनं नागावला भावाच्या घरी काढली. भावाचं घर म्हणजे भावजयीची चूल. राबायचं हिनं, आणि 'आम्ही पोसतो' हे ऐकायचंही हिनंच. माझी आई गेल्यावर मलाही तिनंच वाढवलं, त्याच घरात. आम्ही दोघी इस्रायलमध्ये दिमोनाला आलो तेव्हा ती बावन्न वर्षांची होती आणि मी चोवीस. विमानातून उतरताना ती मला म्हणाली, "सिप्पू, आता कोणाच्या जिवावर खायचं नाय. माझ्या हातचं मी खाईन." हे ती इतक्या हळू म्हणाली की शेजारच्या माणसाला वाटलं असेल, बाईला मळमळतंय.

मला शाळेच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायचं काम मिळालं होतं. तिथं राज्य झोहरा अबुतबुलचं. ती मराकेशची, दंड भक्कम, आवाज असा की नळाचं पाणीसुद्धा घाबरून थांबेल. मी तिच्या मागे लागून लागून मावशीला आत घेतलं. झोहरानं मावशीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नऊवारी, आखूड कोपरापर्यंतचं पोलकं, हातात दोन बांगड्या.

"हिला समजतं काय काय?" तिनं मला विचारलं.

"सगळं समजतं."

"खोटं बोलू नकोस. तीन महिने ठेवते. मी जे मागेन ते माझ्या हातात पडलं पाहिजे. कांदा म्हटलं की कांदा, मीठ म्हटलं की मीठ. इथे ऐंशी पोरं बारा वाजता ताट वाजवायला लागतात, तेव्हा मी काय चित्रं काढून दाखवू? तीन महिन्यांनी एक दिवस अख्खं भांडं तिच्या हवाली करीन. जमलं तर कायमची. नाही जमलं तर रागवायचं नाही."

घरी येऊन मी मावशीला हे सगळं सांगितलं. ती जमिनीकडे बघत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तीन महिन्यांत खायच्या वस्तूंची नावं यायला हवीत. बस ना? भांडण यायला नको ना?" नको, म्हटलं. "मग जमेल."

संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये हिब्रूचा वर्ग भरायचा. शिकवायला लुपुमास्तर, रुमानियाहून आलेले, कोटावर कायम खडूची पांढरी भुकटी. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर पावाचं चित्र काढलं आणि म्हणाले, "लेहेम." सगळा वर्ग ओरडला, "लेहेम!" मावशीनं मात्र झटकन पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

आता हे आमच्या कोकणातल्या ज्यू माणसांनाच कळेल. दर शुक्रवारी संध्याकाळी, दिवा लागला की, मोठे मामा भाकरी हातात घेऊन हिब्रूतून प्रार्थना म्हणायचे. मावशीला ती लहानपणापासून पाठ. अर्थ कुणाला ठाऊक होता? देवाची भाषा, देवाला कळते, आपण कशाला चौकशा करायच्या! आणि त्या प्रार्थनेतला, डोकं झाकल्याशिवाय कधी न उच्चारलेला शब्द इथे एक माणूस खडूनं लिहून पोरांसारखा ओरडायला सांगत होता.

"देवाचा शब्द गो हा," वाटेत ती मला म्हणाली. "म्हणजे एवढी वर्षं मी नुसती भाकरी भाकरी म्हणत होते?"

"हो. भाकरीच."

ती मान खाली घालून चालत राहिली. मला वाटलं तिला वाईट वाटलं. पण घराच्या दारात पोचल्यावर बघते तर ही हसत होती. "बरं झालं," म्हणाली. "मला वाटायचं, काय मोठं मोठं मागतोय देवाकडे."

दुसऱ्या दिवशी ती सासोनच्या दुकानात पाव आणायला गेली आणि तिथून गंमत सुरू झाली. सासोन बगदादचा, गल्ल्यावर बसून जगाला सल्ले देणारा. त्याच्यापुढे उभं राहून मावशीच्या तोंडून 'लेहेम' हा शब्द एकटा बाहेर पडेना. कसा पडणार? आमच्या आजीनं तो कधी एकटा शिकवलाच नव्हता. शेवटी तिनं पदर घेतला, डोळे मिटले आणि नागावच्या चालीवर सबंध प्रार्थना म्हटली. जमिनीतून भाकरी काढणाऱ्या देवाचा जयजयकार, देवाच्या नावासकट. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांनी मुकाट्यानं म्हटलं, "आमेन."

आणि आता पंचाईत. देवाचं नाव घेऊन झालेलं. ते नाव फुकट घालवायचं नसतं, जिच्यासाठी घेतलं ती वस्तू तिथल्या तिथे तोंडात गेली पाहिजे. हे सासोनलाही ठाऊक. त्यानं घाईघाईनं एक पाव मोडला आणि तुकडा पुढे केला. "खा बाई, खा. माझ्या दुकानात पाप नको."

मावशीनं उभ्या उभ्या तुकडा खाल्ला आणि उरलेला पाव घेऊन घरी आली. मी कपाळाला हात लावला. "मावशी, लोक हसतील आपल्याला!"

"हसले की. पण आधी आमेन म्हणाले."

मी चिडले होते, हे कबूल करते. मला तिची लाज वाटत होती. मी वहीत दोन रकाने पाडून रोज वीस शब्द घोकत होते आणि दुसऱ्या दिवशी त्यातले बारा विसरत होते. मावशीची रीतच वेगळी. तिच्याकडे नावं नव्हती, पण खाण्यापिण्याच्या प्रार्थना होत्या, आणि आमच्या प्रार्थनेत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. भाकरीची एक, द्राक्षाच्या रसाची एक, धान्याच्या पदार्थांची एक. झाडाच्या फळाला वेगळी, जमिनीतून येणाऱ्याला वेगळी. आणि पाणी, दूध, दही, अंडं, मासे, मटण या बाकीच्या सगळ्यांना मिळून एक, 'शेहाकोल'. एवढ्या खणांत जग बसवून ती मोकळी. मग एखादी वस्तू हातात घ्यायची, खण ओळखायचा, प्रार्थना म्हणायची, घास घ्यायचा आणि तोंडातलं गिळता गिळता समोरच्याला खुणेनं विचारायचं, हिला म्हणतात काय? त्याने सांगितलेलं नाव मग मरेपर्यंत विसरायची नाही.

अनोळखी वस्तू असली तर पहिला प्रश्न एकच. "एत्स? अदामा?" झाडाचं की जमिनीचं? सासोन आधी वैतागला. मग त्याला चटक लागली. मावशी दिसली की तोच एखादी गोष्ट पाठीमागे लपवून विचारायचा, "बोल बाई, एत्स की अदामा?" कधी कधी त्यालाच ठाऊक नसायचं आणि गिऱ्हाइकांत वाद जुंपायचे. एका शुक्रवारी ती अकरा शब्द शिकली. त्यात एक कच्चा कांदा होता आणि एक अख्खं लिंबू. रात्रभर पोट धरून बसली होती, पण सकाळी विचारलं तर अकराच्या अकरा धडाधड सांगितले.

ऑलिव्ह मात्र तिला आवडलं नाही. तोंड वाकडं करून म्हणाली, "हे देवानं केलंय, म्हणून काय बोलत नाय."

स्वयंपाकघरात तिची चेष्टा व्हायची. झोहरा ओरडायची, "बत्साल!" मावशी पुटपुटायची, "अदामा," आणि मग बरोबर कांद्याच्या टोपलीकडे जायची. "बेत्सा!" की "शेहाकोल," आणि हातात अंडी. पहिले काही आठवडे ते एक पुटपुटणं आड यायचं, आणि झोहराला धीर नव्हता.

"तुझी मावशी कांदा आणायच्या आधी त्याची कुळकथा विचारते," ती मला म्हणायची. "तोवर माझं तेल जळतं. अशानं कायम कशी करू?"

मी घरी येऊन मावशीवर ओरडायचे. ती शांतपणे ऐकायची. एकदाच म्हणाली, "तू नावं पाठ करतेस. मला वस्तू पाठ करायचीय. थोडा वेळ लागतो गो." मला राग आला, कारण ते खरं होतं. आणि तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला ते पुटपुटणं आपोआप बंद पडलं. झोहराचं तोंड उघडायच्या आत मीठ तिच्या हाताशी असायचं.

वर्गात तर तिनं एक दिवस कमालच केली. लुपुमास्तरांना तिची रीत आवडली होती, म्हणून त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले, झाड आणि जमीन. सफरचंद, संत्रं, अंजीर झाडाखाली. गाजर, काकडी, बटाटा जमिनीखाली. मग केळं त्यांनी झाडाखाली लिहिलं. मावशीनं हात वर केला. वर्गात तिनं हात वर केल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते.

"अदामा," ती म्हणाली.

मास्तर हसले. "बाई, मी चित्रात पाहिलंय. चांगलं दोन पुरुष उंच असतं."

मावशी माझ्याकडे वळली. "सिप्पू, ह्यांना सांग. केळ एकदाच विते. घड काढला की तिला मुळाशी कापावी लागते. झाड कोण? जे पुढल्या वर्षी त्याच फांदीला पुन्हा देतं ते. मी नागावला शंभर केळी कापल्यात ह्या हातानं. झाड कापताना हात असा आत जात नाय. केळ म्हणजे दांडगं गवत."

मी सांगितलं. मास्तरांनी केळं त्या दिवशी तिथंच ठेवलं. पण पुढच्या वेळी आले ते थेट फळ्याकडे गेले, केळं पुसलं आणि जमिनीखाली लिहिलं. "मी विचारून आलो," ते म्हणाले. "कतुराबाईंचं बरोबर आहे. या वर्गात केळीची ओळख फक्त त्यांना आहे." आणि त्यांनी डोक्यावरची टोपी उचलून तिला नमस्कार केला. मावशी लाजून चूर झाली. मी त्या दिवसापासून तिच्यावर ओरडायची बंद झाले, म्हणजे बरंचसं.

मग तो दिवस आला. झोहराची पद्धत अशी की ज्या दिवशी नव्या बाईला भांडं द्यायचं, त्या दिवशी तिनं स्वतः स्वयंपाकघरात डोकवायचंच नाही. अंगणात खुर्ची टाकून पुदिन्याचा चहा पीत बसायची. "काय करशील ते कर," तिनं मावशीला सांगितलं. "कोंबडी आहे, भात आहे. साडेअकराला मी आत येईन."

मावशीनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. आत खोबऱ्याच्या वाट्या. गावाहून आलेल्या कुणाबरोबर तरी मामानं धाडल्या होत्या आणि मावशीनं त्या सणासाठी म्हणून सहा महिने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, सगळ्या?" ती म्हणाली, "ऐंशी पोरं आहेत." एक वाटी तेवढी माझ्या हट्टाखातर बाजूला राहिली. बाकीच्या आम्ही दोघींनी किसल्या, गरम पाण्यात भिजवल्या, फडक्यातून पिळल्या. कांदा, आलं, लसूण, थोडं मिरं. पोरं लहान, म्हणून मिरची नाही. आणि इथल्या पोरांना पिवळं बघून नको वाटेल, म्हणून हळदही नाही. हळद घातली असती तर पुढचं महाभारत झालंच नसतं.

कोंबडी शिजत आली, मावशीनं पांढराशुभ्र रस वरून ओतला आणि ती हलक्या हातानं ढवळत होती. तेवढ्यात दारात रब्बी बितान उभे.

रब्बी बितान म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं खाणं शुद्ध आहे की नाही ते बघणारे धर्मगुरू. न सांगता यायचे. एकसष्ट वर्षांचे, दाढी करडी, बोलणं कमी. त्यांनी एकदा 'नाही' म्हटलं की चूल थंड. आणि आमचं स्वयंपाकघर मांसाचं. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा आमचा धर्म, म्हणून तिथं दुधाचा थेंबही यायचा नाही. दुधाची न्याहारी अंगणापलीकडच्या वेगळ्या खोलीत व्हायची, तिची भांडीही वेगळी.

त्यांनी भांड्यात पाहिलं. कोंबडी, आणि तिच्यावर पांढरा रस.

"हात थांबव!" ते ओरडले आणि स्वतः पुढे होऊन गॅस बंद केला. "झोहरा! आत ये!"

झोहरा धावत आली. तिनंही भांड्यात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिनं आवाज न चढवता विचारलं, "कतुरा, हे काय केलंस?" तिला असं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली.

"भांडं टाकून द्यायचं," रब्बी म्हणाले. "उरलेली सगळी भांडी उकळत्या पाण्यातून काढायची. तोवर कुलूप. पोरांना आज घरी पाठव." मग झोहराकडे वळून म्हणाले, "घ्यायच्या आधी विचार करायचा. या लोकांना आपलं काय ठाऊक?"

त्या दिवसांत आमच्या लोकांकडे तिरक्या नजरेनं बघणारे पुष्कळ होते. खरे ज्यू की नुसते म्हणवणारे, असं तोंडावर विचारायचे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आली ना मला भाषा, मी तोंड सोडलं. म्हटलं, दोन हजार वर्षं समुद्रापलीकडे आम्ही शनिवार पाळला तो काय तुम्हाला विचारून? हे दूध नाही, हे झाडाचं आहे, झाडाच्या फळाचा रस आहे!

"झाडाचा?" रब्बी म्हणाले. "तुमच्याकडे झाडाची धार काढतात का?"

"काढत नाहीत, पिळतात!"

"तू हिची कोण?"

"भाची."

"मग तू दुसरं काय बोलणार?"

आठ महिने कमावलेली माझी सगळी हिब्रू तिथं मातीत गेली. मी जितकी मोठ्यानं बोलत होते तितकी खोटी वाटत होते, ते मलाच कळत होतं. शब्द माझ्याकडे हवे तेवढे होते. विश्वास कुठून आणू?

मावशीनं माझ्या दंडाला धरून मला मागे केलं. तिनं राखून ठेवलेली वाटी घेतली, मूठभर किसली, कपातल्या गरम पाण्यात टाकली आणि सगळ्यांसमोर पिळली. कपातलं पाणी पांढरं झालं. मी म्हटलं, सुटलो.

रब्बींनी कप उचलून उजेडात धरला. मग ती वाटी हातात घेऊन नखानं खरवडली. आत पांढरी, कडक, तेलकट. त्यांनी मान हलवली. "हे मला ठाऊक आहे. वाळवंटातले बेदुइन लोक दही वाळवून दगडासारखे गोळे करतात. उंटावर महिना महिना टिकतात. पाण्यात घातले की पुन्हा पांढरं. बाजारात मिळतात." ते आता रागावलेले नव्हते, आणि ते जास्त वाईट होतं. "झोहरा, हिला हिशेब करून घरी पाठव. हिनं मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. हिला कळलं नाही."

झोहरानं एप्रनला हात पुसले. ती मावशीकडे बघेना. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते, अंगणात पोरांचा आवाज सुरू झाला होता. मी मावशीला मराठीतून सांगितलं, "चल घरी. मरू दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीन महिने नाही, तेहतीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढे होती. आता ही माझ्या पगारावर जगणार, आणि मी एक शब्द न बोलताही हिला रोज वाटणार की कुणीतरी पोसतंय.

मावशी हलली नाही. तिला रब्बींचं बोलणं किती कळलं होतं देव जाणे. 'हलाव' म्हणजे दूध, तेवढं नक्की कळलं होतं. तिनं रब्बींच्या हातातून वाटी परत घेतली, एक कपचा मोडला, उजव्या हातात धरला. डाव्या हातानं पदर डोक्यावर घेतला. डोळे मिटले. आणि नागावच्या त्याच चालीवर, देवाचं नाव घेऊन, सावकाश, एकही अक्षर न खाता ती म्हणाली, "बोरे पेरी हाएत्स." झाडाचं फळ निर्माण करणाऱ्या देवा. मग कपचा तोंडात टाकला आणि चावू लागली.

स्वयंपाकघरात कडाकडा चावण्याचा तेवढा आवाज.

ऐकणाऱ्यानं आमेन म्हणायचं असतं. पण प्रार्थना खोटी असेल, दह्याला कुणी झाडाचं फळ म्हटलं असेल, तर आमेन म्हणणाराही त्या पापात सामील. झोहराचे ओठ हलले आणि थांबले. ती रब्बींकडे बघायला लागली. मीही. मला आमेन म्हणायचं होतं, पण भाचीच्या आमेनला काय किंमत!

रब्बी मावशीकडे बघत राहिले. "बाई," त्यांनी विचारलं, "दही असतं तर काय म्हणाली असतीस?"

मावशीनं घास गिळला. "शेहाकोल."

"आणि हे?"

तिनं हात वर केला. छताकडे, छताच्याही वर, माडाची उंची दाखवायची तर तो हात कुठवर जाणार! "एत्स," ती म्हणाली. तो हात तिनं तसाच वर धरून ठेवला.

"आमेन," रब्बी बितान म्हणाले.

मग झोहरा म्हणाली आणि मी म्हणाले, मी तर ओरडलेच. रब्बींनी स्वतः काडी ओढून गॅस पेटवला. "भांडं वाचवायला कुणी देवाचं नाव जाळत नाही," ते झोहराला म्हणाले. "आणि जिला अशी प्रार्थना येते, तिला आपलं काय ठाऊक असं मी मघाशी विचारलं. ते मी परत घेतो." मग मावशीला, एकेक शब्द सुटा करून, म्हणाले, "फळावर एत्स बरोबर. पिळलेला रस नुसता प्यायचा असेल, तर मात्र त्याला शेहाकोल. आणि बाहेरून काही आणायचं तर आधी मला दाखवायचं. आणि आज वाढताना भांड्याशेजारी फळाचा तुकडा ठेवायचा, सगळ्यांना दिसेल असा. म्हणजे बघणाऱ्याच्या मनात माझ्यासारखी शंका येणार नाही."

मावशीनं प्रत्येक वाक्याला मान डोलवली. मग वाटीचा आणखी एक कपचा मोडून तिनं तो रब्बींपुढे धरला. असं कुणी रब्बींना देतं का?

त्यांनी घेतला. आयुष्यात त्यांनी खोबरं चाखलं नव्हतं. त्यांनी झाडाच्या फळाची प्रार्थना म्हटली, आणि खाण्याआधी थांबून दुसरीही म्हटली, जी आमच्यात नवं फळ पहिल्यांदा खाताना म्हणतात. आम्हाला जिवंत ठेवलंस, सांभाळलंस आणि या दिवसापर्यंत आणून पोचवलंस. कोंबडीच्या वाफेत उभे राहून, टोपी सारखी करून म्हटली. ती ऐकताना माझी मावशी रडत होती, आणि तिनं जे आमेन म्हटलं ते इतकं मोठ्यानं म्हटलं की अंगणातली पोरं गप्प झाली. एवढा आवाज तिच्यात होता हे मला माहीतच नव्हतं. मीही रडत होते. सांगायला लाज कसली!

"काय उभ्या राहिलात माझ्या तोंडाकडे बघत?" झोहराला तिचा आवाज परत सापडला होता. "ऐंशी पोरं आहेत बाहेर! सिप्पोरा, भात उतर! रब्बी, तुम्ही जरा बाजूला व्हा, ताटं लागायचीत." मग तिनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि स्वयंपाकघराची किल्ली काढली. "कतुरा, उद्या सहा वाजता दार तू उघडायचंस. परवाही. माझे गुडघे दुखतात, मी आता सातला येणार."

मी मराठीतून सांगायला तोंड उघडलं, पण मावशीनं आधीच दोन्ही हात पुढे केले होते.